लिहिण्या-बोलण्याचा हक्क: मर्यादा कुठली आणि अडवले तर काय करावे

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले आहे. पत्रकाराच्या ओळखपत्रासोबत हा हक्क येत नाही आणि ओळखपत्र नसले म्हणून जातही नाही. तरी भंडारा जिल्ह्यात, तुमसरपासून पवनी-लाखांदूरपर्यंत, काही प्रश्न वारंवार विचारले जातात. ग्रामपंचायतीच्या कामावर व्हॉट्सॲपवर लिहिले तर गुन्हा होतो का? ठाण्यात मोबाइल काढता येतो का? वकिलाची नोटीस आली की पोस्ट लगेच काढून टाकावी का? यूट्यूबवर बातम्या देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे का? निर्णय घ्यायला लागेल तेवढाच कायदा पुढे दिला आहे.

हक्क कोणाचा

संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हा मुद्दा निघाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले की संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच लिहितो, म्हणून वृत्तपत्रासाठी वेगळ्या तरतुदीची गरज नाही. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागू होतो. पत्रकाराला सामान्य माणसापेक्षा जास्त हक्क नाही आणि सामान्य माणसाला पत्रकारापेक्षा कमी नाही. जिल्हा माहिती कार्यालयामार्फत मिळणारी अधिस्वीकृती पत्रिका सवलतींसाठी आणि सरकारी कार्यक्रमांतील प्रवेशासाठी उपयोगी पडते. लिहिण्याचा तो परवाना नव्हे.

वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हणजे काय, हे ठरवणारा एक महत्त्वाचा निकाल एका मराठी दैनिकाच्या खटल्यातला आहे. वृत्तपत्राची किंमत त्याच्या पानांशी बांधणारा कायदा केंद्राने १९५६ साली केला आणि १९६० साली त्याखाली आदेश काढला. पाने कमी करा, नाहीतर किंमत वाढवा, असा पेच पुण्याच्या ‘सकाळ’पुढे उभा राहिला. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेले; त्याच्या वाचकांनीही याचिका केल्या. न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द ठरवले. व्यवसायावर लोकहितासाठी बंधन घालता येते, पण त्याच वाटेने बोलण्यावर बंधन आणता येत नाही, हे त्या निकालाचे सार. किती छापायचे आणि किती लोकांपर्यंत पोहोचवायचे, हेही अभिव्यक्तीतच येते.

हा हक्क पत्रकारापुरता नाही, याचे उदाहरण जिल्ह्यातलेच आहे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजीचे दलित कुटुंबाचे हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ चे. राज्यातील मोठ्या वृत्तपत्रांनी त्याची ठळक दखल घ्यायला कित्येक आठवडे गेले. मधल्या काळात गावात जाऊन माणसांशी बोलणारे, कागद जमवणारे आणि अहवाल लिहिणारे बहुतेक कार्यकर्ते होते, पत्रकार नव्हते. अनुच्छेद १९ त्यांच्याही पाठीशी तेवढाच होता.

आठ मर्यादा, नववी नाही

अनुच्छेद १९(२) नुसार हक्कावर बंधन घालायचे तर तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. बंधन कायद्याने घातलेले असावे, ते वाजवी असावे आणि पुढील आठपैकी एखाद्या कारणासाठी असावे:

- भारताचे सार्वभौमत्व व एकात्मता (हे कारण १९६३ साली जोडले गेले)
- राज्याची सुरक्षितता
- परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध
- सार्वजनिक सुव्यवस्था
- सभ्यता किंवा नीतिमत्ता
- न्यायालयाचा अवमान
- अब्रुनुकसानी
- अपराधाला चिथावणी

ही यादी पूर्ण आहे. तिच्यात सरकारला वा न्यायालयाला नवे कारण घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ साली सांगितले. ‘प्रशासनाची बदनामी’, ‘गावाची बदनामी’, ‘विकासकामात अडथळा’, ‘साहेबांचा अपमान’ ही कारणे यादीत नाहीत. ‘भावना दुखावल्या’ एवढेच म्हणणेही पुरत नाही. धर्मभावना दुखावण्याच्या मुख्य गुन्ह्यात हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेली कृती सिद्ध व्हावी लागते.

हे कागदावरचेच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि ते ‘लाइक’ करणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या अटकेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ पूर्णपणे रद्द केले. चर्चा आणि बाजू मांडणे कितीही अप्रिय असले तरी ते संरक्षित आहे, चिथावणीपाशी पोहोचल्यावरच कायद्याचा हात पडतो, असा फरक त्या निकालाने आखून दिला. यानंतरही कुणाला आलेल्या पोलिसी कागदावर ६६-अ दिसले, तर ते कलम अस्तित्वात नाही आणि त्याखाली कुणावरही खटला चालवू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा आदेश आहे, हे लेखी कळवावे.

मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावरचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अनुच्छेद ३७० हटवण्याविरुद्ध त्यांनी व्हॉट्सॲप स्टेटस ठेवले होते. सरकारच्या निर्णयाला विरोध करणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि शब्दांचा परिणाम मोजताना दुबळ्या, प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्या माणसाचे माप लावायचे नाही, सारासार विचार करणाऱ्या खंबीर माणसाचे लावायचे, असे न्यायालय म्हणाले. मात्र स्टेटस ठराविक लोकांनाच दिसते, म्हणून ते खासगी, या भरवशावर राहू नका. धार्मिक भावनांशी संबंधित एका स्टेटसच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ साली गुन्हा रद्द करायला नकार दिला होता.

कलमांचे नवे आकडे

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. चावडीवर आणि ठाण्यातही अजून जुने आकडे बोलले जातात, त्यातून गोंधळ होतो. सगळ्यात मोठा घोळ ३५३ चा. जुने ३५३ म्हणजे सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर. ते आता न्याय संहितेत १३२ आहे. नव्या संहितेतले ३५३ मात्र अफवा आणि लोकांत भीती किंवा वैर पसरवणाऱ्या खोट्या मजकुराबद्दल आहे. ‘तुझ्यावर ३५३ लावतो’ असे कुणी म्हणाले तर कोणते, हे आधी विचारून घ्यावे.

न्याय संहितेतली नेहमी लागणारी इतर कलमे:

- १९६: धर्म, जात, भाषा यांवरून गटागटांत वैर वाढवणे (जुने १५३-अ). शिक्षा ३ वर्षांपर्यंत; प्रार्थनास्थळी घडल्यास ५ वर्षांपर्यंत.
- २९९: द्वेषबुद्धीने धर्मभावनांचा अपमान (जुने २९५-अ). ३ वर्षांपर्यंत.
- ३५६: अब्रुनुकसानी (जुने ४९९-५००). २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा.
- १५२: भारताचे सार्वभौमत्व धोक्यात आणणे. जुने राजद्रोहाचे कलम सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केले होते. नव्या कलमाच्या स्पष्टीकरणातही सरकारच्या धोरणांवरील टीका वगळलेली आहे.

१९६ आणि २९९ खालच्या खटल्याची दखल न्यायालय सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय घेऊ शकत नाही. दोषारोपपत्र आल्यावर ती परवानगी कागदांत आहे का, हे वकिलाला पहिल्यांदा तपासायला सांगावे. जमावबंदीचे जुने १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा पूर्वीसारखाच लागू आहे. लोकांसमक्ष जातिवाचक अपमान करणे हा त्याखाली गंभीर गुन्हा आहे, आणि तिथे ‘हे माझे मत’ हा बचाव चालत नाही, चालूही नये.

टीका कशी लिहावी की बदनामी ठरू नये

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली एका निकालात सांगितले की सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था आणि शासकीय अधिकार वापरणाऱ्या इतर संस्था स्वतःच्या बदनामीसाठी नुकसानभरपाईचा दावा करू शकत नाहीत. ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांच्या कामावर कडक टीका करायला त्यामुळे पुरेसे मोकळे रान आहे. अडचण येते ती व्यक्तीवर आरोप होतो तेव्हा. फौजदारी अब्रुनुकसानीचे कलम घटनाबाह्य नाही, असा निकाल २०१६ मध्ये लागला आहे. म्हणजे ती तलवार अजून टांगलेली आहे.

समजा, धान खरेदी केंद्रावर काट्यात जास्त माल घेतला जातो. दोन शेतकरी दोन प्रकारे लिहितात. पहिला लिहितो: ‘केंद्रप्रमुख चोर आहे, शेतकऱ्यांना लुबाडून बंगला बांधला.’ दुसरा लिहितो: ‘१२ तारखेला या केंद्रावर माझे ३० कट्टे मोजले. पावतीवर कट्टा ४० किलोचा आहे, काट्यावर ४२ किलो भरला. पावती आणि काट्याचा फोटो सोबत आहे. केंद्रप्रमुखांना विचारले, त्यांनी उत्तर दिले नाही. जिल्हा पणन अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे, त्याची पोच जोडली आहे. शासनाने याची चौकशी करावी.’

पहिल्याजवळ राग खरा असेल, पण बंगल्याचा पुरावा नाही. ‘चोर’ हा शब्द सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. दुसऱ्याने आरोप कमी केलेला नाही. उलट त्याचा आरोप जास्त टोचणारा आहे, कारण तो मोजता येतो. त्याने वस्तुस्थिती आणि मागणी वेगळी ठेवली, समोरच्याला विचारले आणि अधिकृत जागी तक्रार केली. कायद्यातल्या बचावांशी हे जुळते: लोकहितासाठी सांगितलेले सत्य, सरकारी कामातल्या वागणुकीवर सद्भावनेने दिलेले मत, आणि योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार. फौजदारी खटल्यात नुसते सत्य पुरत नाही, ते लोकहिताचे असावे लागते. म्हणून कुणाच्या घरगुती भांडणाची खरी माहितीही विनाकारण फिरवली तर बचाव तोकडा पडतो.

पोस्ट टाकण्याआधी मूळ फोटो आणि चित्रफीत मोबाइलमध्ये तशीच ठेवावी. फॉरवर्ड झालेली प्रत न्यायालयात दुबळी ठरते. दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवणे म्हणजेही प्रसिद्ध करणेच. ‘जशास तसे फॉरवर्ड’ लिहिल्याने जबाबदारी टळत नाही.

न्यायालयाच्या कामकाजाचे प्रामाणिक वृत्त देणे आणि लागलेल्या निकालावर योग्य टीका करणे हा अवमान होत नाही, असे १९७१ चा अवमान कायदाच सांगतो. न्यायाधीशाने पैसे खाल्ले, असे पुराव्याविना लिहिणे ही वेगळी गोष्ट. विधिमंडळातील कामकाजाच्या खऱ्या वृत्ताला अनुच्छेद ३६१-अ चे संरक्षण आहे. मात्र ते वृत्त द्वेषबुद्धीने दिलेले नसावे.

नाव छापायचेच नाही अशी प्रकरणे

फेब्रुवारी २०१३ मध्ये लाखनी तालुक्यातील मुरमाडी येथे तीन लहान बहिणींचे मृतदेह विहिरीत सापडले. देशभर संताप उसळला. त्या लाटेत १ मार्च रोजी राज्यसभेत निवेदन करताना तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांनी मुलींची नावे वाचली. सदस्यांनी हरकत घेतल्यावर ती कामकाजातून काढावी लागली. संसदेच्या वरिष्ठ सभागृहात ही चूक होते, तर गावच्या ग्रुपवर ती किती सहज होत असेल.

लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, शिक्षा २ वर्षांपर्यंत. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ हीही लागू होतात. ओळख म्हणजे नावच नव्हे. फोटो, शाळा, आईवडिलांचे नाव, छोट्या गावातले घर किंवा दुकान, ज्यावरून कळेल ते सगळे त्यात येते. पीडिता मरण पावली म्हणून बंधन उठत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. श्रद्धांजलीचे फलक आणि मेणबत्ती मोर्च्याचे पोस्टर यांनाही हाच नियम. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाचे नावही छापता येत नाही.

मोबाइल कुठे काढावा, कुठे नाही

वर्धा येथील पोलीस ठाण्यात चित्रीकरण केल्याबद्दल एका व्यक्तीवर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. नागपूर खंडपीठाने २०२२ साली तो रद्द केला. त्या कायद्यातल्या ‘निषिद्ध स्थाना’च्या व्याख्येत पोलीस ठाणे बसत नाही, असे सांगितले. तलाठी कार्यालय, पंचायत समिती, तहसील यांना हे अधिकच लागू पडते. अर्थात कामात अडथळा आणला, अंगावर गेले किंवा तिथे बसलेल्या महिलेचे, बालकाचे चित्रीकरण केले तर इतर कलमे लागू शकतात. दोन हात लांब उभे राहून, न ओरडता, स्वतःचे नाव सांगून चित्रीकरण करावे.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीची गोष्ट निराळी. संरक्षण उत्पादनाचा कारखाना हे निषिद्ध स्थानच आहे. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात तिथे आठ कामगार गेले. अशा वेळी कुटुंबीयांशी बोलणे, रुग्णालयातून मिळणारी माहिती देणे, जिल्हा प्रशासनाचे निवेदन छापणे, सुरक्षिततेबद्दल प्रश्न विचारणे, नुकसानभरपाईचा पाठपुरावा करणे यांत काहीच बेकायदा नाही. आतल्या इमारतींचे फोटो, नकाशे, ड्रोनचे चित्रण आणि उत्पादनाचे तपशील यांच्या वाटेला जाऊ नये.

ग्रुप ॲडमिनची जबाबदारी

जुन्या भंडारा जिल्ह्याचाच भाग असलेल्या गोंदिया जिल्ह्यातले प्रकरण इथे कामाला येते. अर्जुनी मोरगाव येथे सदस्याने ग्रुपवर आक्षेपार्ह मजकूर टाकला, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. १ मार्च २०२१ रोजी नागपूर खंडपीठाने ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. सदस्य काय टाकणार हे ॲडमिनला आधी कळत नाही, त्यामुळे दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसल्याशिवाय त्याला दोषी धरता येत नाही. तरी स्फोटक मजकूर दिसताच काढावा आणि सदस्याला लेखी समज द्यावी; आपला हेतू दाखवायला ती समज उपयोगी पडते. एखाद्या खासगी ग्रुपमधून आपल्याला काढले, तर तो अनुच्छेद १९ चा भंग नव्हे.

साप्ताहिक, यूट्यूब आणि झाडीपट्टीचे नाटक

छापील नियतकालिकांसाठी १ मार्च २०२४ पासून नवा नोंदणी कायदा लागू आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र करण्याची जुनी पद्धत गेली; अर्ज ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर करायचा असतो. नोंदणीशिवाय नियतकालिक चालवल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा यूट्यूब वाहिन्यांना लागू नाही, म्हणून ‘नोंदणीकृत यूट्यूब चॅनेल’ असे सांगून कुणी ओळखपत्र विकत असेल तर पैसे घालवू नका.

डिजिटल बातम्यांवर २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात. त्यांतील आचारसंहिता पाळण्याची सक्ती करणाऱ्या भागाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. सरकारबद्दलची बातमी खोटी आहे की नाही हे सरकारी तथ्यतपासणी कक्षाने ठरवायचे, ही नंतर आलेली तरतूदही त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. बातमी न छापण्यासाठी पैसे मागणे ही खंडणी आहे आणि तिला कुठलेच स्वातंत्र्य लागू होत नाही.

नाटकाची संहिता मात्र महाराष्ट्रात आजही प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. छापील मजकुराला जे बंधन नाही, ते रंगमंचाला आहे. झाडीपट्टीतल्या मंडळांनी हंगाम तोंडावर येण्याआधीच हे काम उरकावे.

सभा, मोर्चा आणि सरकारी नोकर

शांततेने, निःशस्त्र जमण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(ख) देतो. जिल्ह्यात सणासुदीला किंवा निवडणुकीच्या आसपास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात तारखा, क्षेत्र आणि कारण लिहिलेले असते. मूळ आदेशाची प्रत मागून वाचावी. परवानगीचा अर्ज आगाऊ द्यावा आणि पोच घ्यावी. नाकारल्यास कारण लेखी मागावे. जमावबंदीचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, आणि लोकशाही मार्गाने व्यक्त होणारे मतभेद दडपण्यासाठी ते वापरता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा लागतो.

शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांच्यावर वर्तणूक नियमांचे वेगळे बंधन आहे. २८ जुलै २०२५ च्या शासकीय परिपत्रकाने समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणांविरुद्ध लिहिण्याबद्दल त्यांना शिस्तभंगाचा इशारा दिला आहे. अशा नोकरांनी आपले म्हणणे संघटनेमार्फत मांडणे सुरक्षित.

आधी कागद मिळवा

९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. अग्निसुरक्षेची तपासणी झाली होती का, उपकरणे कधी बसवली, हे प्रश्न तेव्हा सगळ्यांच्या तोंडी आले. असे प्रश्न घटनेआधी विचारण्याचे साधन म्हणजे माहिती अधिकार, आणि सर्वोच्च न्यायालयाने माहिती मिळण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(क) चाच भाग मानला आहे.

महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत असावा. शुल्क १० रुपये. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे, जीवित वा स्वातंत्र्याशी संबंध असल्यास ४८ तासांत. उत्तर न आल्यास ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे अपील. ‘का’ विचारू नये, कागद मागावा: अग्निसुरक्षा तपासणी अहवालाची प्रत, रेती घाटाच्या लिलावाचा करार, मोजमाप पुस्तिकेची पाने. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचा अधिकारही याच कायद्यात आहे; गोसेखुर्दच्या कालव्याच्या कामापासून गावच्या सिमेंट रस्त्यापर्यंत तो वापरता येतो. नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहितीची सूट अधिक व्यापक झाली आहे, त्यामुळे अर्जातच लोकहित कोणते ते एका ओळीत लिहावे. लोकहित वरचढ असेल तर माहिती देता येते, ही तरतूद अजून कायम आहे.

नोटीस आली, गुन्हा दाखल झाला

वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचे समन्स नव्हे. घाबरून पोस्ट उडवू नये आणि दुर्लक्षही करू नये. आधी पोस्टची प्रत तारखेसह जपावी, पुरावे एकत्र करावेत, मग वकिलाकडून उत्तर द्यावे. चूक झाली असेल तर दुरुस्ती तितक्याच ठळकपणे द्यावी. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

अब्रुनुकसानी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी बदनामी झालेल्या व्यक्तीने थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. पोलीस परस्पर एफआयआर नोंदवून अटक करू शकत नाहीत. न्यायालयाने दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी देणे आता बंधनकारक आहे. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्षाची.

दखलपात्र गुन्ह्याची तक्रार असेल तर पुढील गोष्टी माहीत असाव्यात:

- तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याशी संबंधित गुन्ह्यात ही चौकशी करणे योग्य ठरते, असे मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सांगितले.
- सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेत अटक आपोआप होत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस मिळू शकते. ती व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही. नोटीस रीतसर आली की हजर राहावेच.
- अटकेची कारणे लेखी, आणि आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केले. २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले पाहिजे.
- मोबाइल जप्त केल्यास पंचनाम्याची प्रत मागावी. जप्तीचे चित्रीकरण करणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे.
- गुन्हाच बनत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली नागपूर खंडपीठात तो रद्द करून घेता येतो. अटकपूर्व जामिनासाठी भंडारा सत्र न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अर्ज करता येतो.

पत्रकारावर हल्ला झाल्यास

रेती, जमीन, ठेकेदारी यांवर लिहिणाऱ्या बातमीदाराला धमकी येणे हे तालुक्याच्या ठिकाणी नवे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आले. तिथल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध ते सातत्याने लिहीत होते. महाराष्ट्रात यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. प्रसारमाध्यमातील व्यक्तीवर किंवा संस्थेवर हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असून शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही, आणि दोषीकडून वैद्यकीय खर्च वसूल होतो. फिर्याद देताना या कायद्याचे नाव आवर्जून लिहायला सांगावे; ठाण्यात साध्या मारहाणीची कलमे लावून विषय संपवण्याची सवय दिसते. खोटी तक्रार केल्यास तक्रारदारालाही शिक्षा आहे. नेमणूकपत्र किंवा करार जवळ असावा, कारण संस्थेशी नाते दाखवावे लागते. स्वतंत्रपणे यूट्यूब चालवणाऱ्याला या कायद्याचा आधार मिळणे कठीण, त्याने न्याय संहितेतली मारहाण आणि धमकीची कलमे धरावीत.

आपल्याविरुद्ध खोटी बातमी आली तर

वृत्तपत्राच्या प्रत्येक अंकात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचे नाव छापलेले असते. त्या संपादकाला आधी लेखी खुलासा पाठवावा आणि पोच ठेवावी. खुलासा छापला नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक-साप्ताहिकाबाबत ती प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करावी. परिषद समज देते, ताशेरे ओढते. दंड वा भरपाई देत नाही. भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे. परिषदेच्या कक्षेत दूरचित्रवाणी वाहिन्या येत नाहीत. डिजिटल वृत्तस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर भंडारा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. १५१०० या क्रमांकावरही मदत मागता येते.